उकंडराव कंडक्टरचं कुरण

"चला, पुढं सरका, पुढं सरका! पुढं लय जागा हाये!"

सकाळचे साडेसात वाजले होते. मी नव्या गावात, नव्या दवाखान्याची किल्ली हातात घेऊन उभी होते, आणि समोरच्या मोकळ्या जागेत खाकी शर्ट घातलेला, काटकुळा, पांढऱ्या मिशांचा एक माणूस खच्चून ओरडत होता. त्याच्यापुढे प्रवासी एकही नव्हता. पंचवीस-तीस गाई होत्या. आणि त्या मुकाट्याने पुढे सरकत होत्या! मी सांगली जिल्ह्यातली, हिरव्या वैरणीच्या मुलखातली, जनावरांची डॉक्टर. गाई हाकताना लोक काय काय बोलतात ते सगळं माझ्या कानांनी ऐकलेलं. पण एसटीच्या भाषेत गाई हाकणारा माणूस पहिल्यांदाच पाहिला. मला तिथेच हसू फुटलं.

त्याने वळून पाहिलं. "हसा, हसा. नवीन डॉक्टरबाई तुमीच काय? मंग हे पाहा बरं."

आणि हातातली प्लास्टिकची पिशवी सरळ माझ्या हातात दिली. आत शेण होतं, ताजं आणि कोमट.

"गाय आजारी आहे का?" मी विचारलं.

"गाय टनटनीत हाये. याच्यात गवत किती अन् कुटार किती, थे सांगा."

असा प्रश्न मला पदवीच्या परीक्षेतही कुणी विचारला नव्हता. मी दवाखाना उघडायच्या आधी, पायरीवर बसून, काडीने शेण उलगडून पाहिलं. पिवळट, भरड, नुसता भुसा. "गवत कुठलं यात? सगळं कुटारच आहे," मी म्हटलं.

"बराबर!" त्याने खिशातून तिकिटाला भोक पाडायचा जुना पंच काढला आणि हवेत टिक-टिक वाजवला. "पास!"

ही आमची ओळख. उकंडराव त्या दिवशी सकाळी मला तपासायला आले होते, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही, कारण पुढे गावाची थोडी फजिती आहे आणि माझी त्याहून जास्त. वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावहून मेडशीकडे जाताना एका उतारावर हे गाव लागतं, एवढं पुरे. रस्त्याला लागून गावची सहा एकर ई-क्लास जमीन. ई-क्लास म्हणजे गावच्या जनावरांना चरायला राखून ठेवलेलं सरकारी रान. हे झालं कागदावर. प्रत्यक्षात मुरूम, टोचणारी कुसळं आणि वाऱ्यावर फडफडणाऱ्या गुटख्याच्या पुड्या. तिच्या एका कोपऱ्यात, माझ्या दवाखान्यासमोर, आखर, म्हणजे सकाळी गावभरच्या गाई गोळा व्हायची जागा. पूर्वी तिथे उभं राहायला जागा नसे म्हणतात. मग शेतात सोयाबीन आलं, ज्वारी गेली, आणि ज्वारीबरोबर कडबाही गेला. उरलं सोयाबीनचं आणि तुरीचं कुटार. नुसत्या कुटारावर गाय जगते, पण दूध धरत नाही. मग ती किती दिवस दारात बांधायची? महिन्याकाठी एखादी दावण रिकामी होत होती. गुराखी तर केव्हाच पुण्याला गेला होता. त्याचं काम उकंडरावांनी आपणहून अंगावर घेतलेलं. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाल्यावर लोक पारावर बसतात, हा माणूस गाईंच्या मागे लागला.

त्यांचं नाव ऐकून मला आधी वाटलं, कुणीतरी चेष्टेने पाडलंय. तसं नव्हतं. त्यांच्या आधीची तीन भावंडं जगली नव्हती. म्हणून हे जन्मले तेव्हा आईने वऱ्हाडातल्या जुन्या रिवाजाप्रमाणे त्यांना आखराशेजारच्या उकिरड्यावर नेऊन ठेवलं. टाकून दिलेल्या पोराकडे मरण ढुंकून पाहत नाही, असा त्यामागचा हिशेब. मग मागून येणाऱ्या शेजारणीने ते पोर उचललं आणि परक्याचं म्हणून आईच्याच ओटीत घातलं. नाव ठेवलं उकंडा. ही गोष्ट ते कुणालाही, न विचारता, मोठ्या अभिमानाने सांगत.

"बाकीच्यायची जलमजागा दवाखाना. माही आखर! उकंड्यावरून उचलेल मानूस हावो मी. मले शेनाची किळस कशी येईन?"

खरंच येत नसे. चालता चालता वाकून शेणाचा पो उचलायचे, हुंगायचे, फोडायचे, आणि त्यात शेणकिडा दिसला तर ओळखीचा प्रवासी भेटल्यासारखे खूश व्हायचे. जेवताना मात्र मुळ्याची भाजी ताटात आली की उठून जात. वास सहन होत नाही म्हणे!

त्यांना एकच ध्यास होता. ही सहा एकर पुन्हा कुरण झाली पाहिजे. आणि तीही जवळजवळ फुकटात, कारण ग्रामपंचायत त्यासाठी खताचं एक पोतं द्यायला तयार नव्हती. सरपंचांच्या मनात त्या जागेवर धान्याचं गोदाम होतं. ते काही वाईट मनाने म्हणत नव्हते. पडीक जागा, रस्त्याला लागून, गोदामाला उत्तम. मीही सरपंच असते तर तेच म्हटलं असतं.

आठवड्याभरात उकंडराव मातीची पिशवी घेऊन दवाखान्यात हजर. कुरणात चौदा ठिकाणी खड्डे घेऊन, माती एकत्र करून, सावलीत वाळवून आणलेली. मी ती वाशिमला तपासणीला पाठवली. कागद आला. पिकाला लागणाऱ्या अन्नद्रव्यांपैकी पालाश भरपूर, स्फुरद अगदी कमी, नत्रही कमीच. तो कागद त्यांनी वहीच्या पुठ्ठ्यात घालून खिशाला लावला आणि गावभर मिरवला. कुणी म्हणालं, अमकं खत आणा, तमकी बाटली फवारा, तर हे पंच टिक-टिक वाजवत विचारायचे, "राजेहो, भरल्या गाडीत कंडक्टर काय करते? सगळ्यायले तिकीट देत सुटते काय? थो आवाज देते, 'कोन राह्यलं?' जो राह्यला त्यालेच तिकीट. पालाशनं तिकीट काढेल हाये. त्याले कायले दुसरं देवाव?"

माती परीक्षणाचं महत्त्व मी भाषणांतून किती वेळा सांगितलं असेल. लोक जांभया द्यायचे. उकंडरावांचं एक वाक्य ऐकून दोघं जण दुसऱ्या दिवशी माती घेऊन आले. मला आनंद झाला आणि थोडा रागही आला!

सगळंच ते एसटीत बसवून सांगत. घरामागे त्यांचं नेपियर गवताचं दहा गुंठे रान होतं. शेजारीपाजारी वर्षाचा युरिया एकदाच ओतून मोकळे होत. हे मात्र दर कापणीनंतर, ओल बघून, मूठ-मूठ टाकत. "अर्धं तिकीट, पन दर स्टॉपवर." एकदा शेजाऱ्याने आभाळ भरून आलेलं असताना अख्खं पोतं रानात रिकामं केलं आणि तासाभरात धो-धो पाऊस कोसळला. उकंडराव गोणपाट डोक्यावर घेऊन नाल्याच्या काठी उभे. गढूळ पाण्याला हात जोडून म्हणतात कसे, "चालला युरिया, फुकट पासवर!" शेजारी महिनाभर बोलला नाही. पण पुढच्या कापणीला त्यानेही पोतं अर्धंच फोडलं.

स्फुरदासाठी त्यांनी एक पोतं सिंगल सुपर फॉस्फेट आणलं, स्वतःच्या खर्चाने. तेही जमिनीवर नाही टाकलं. उकिरड्यात शेणाचा थर, त्यावर मूठभर सुपर, वर गोठ्यातलं मूत भिजलेलं कुटार, पुन्हा शेण. थोडं खत, पण शेणात मुरून लागू पडतं चांगलं. प्रश्न होता शेणाचा. सहा एकरांना पुरेल एवढं शेण एका गाईच्या धन्याने आणायचं कुठून?

शेण आखरावर पडत होतं, पण ते मोकळं नव्हतं. आखरावरच्या शेणाचा एक कायदा होता आणि तो बायकांचा होता. सकाळी टोपल्या घेऊन आलेल्या बायांपैकी जिने पोवर पळसाचं पान ठेवलं, तो पो तिचा. मग ती तासाभराने का उचलेना, दुसरी हात लावत नसे. त्याच्या गोवऱ्या थापल्या जात. या बायांच्या म्होरक्या सुभद्राबाई. साठीच्या, धिप्पाड, कपाळावर हिरवं गोंदण. त्यांच्या तोंडाला लागायला सरपंचही बिचकत.

उकंडरावांनी काय करावं? त्यांच्याजवळ जुन्या छापील तिकिटांचा एक गठ्ठा होता, मशीन आल्यावर रद्दीत निघालेला. एका सकाळी आखरावर बाया पाहतात तर दर सहाव्या पोवर काडीत खोचलेलं गुलाबी तिकीट! पंच केलेलं!

"हे काय होय, कंडक्टर?" सुभद्राबाईंनी कमरेवर हात ठेवले.

"पाच पो तुमचे, सहावा कुरनाचा. गाई तुमच्या पन चरतीन ना तिथं? मंग प्रवासाचं भाडं नोको?"

"अन् मी तिकिटावर पान ठुलं तं?"

"तं तुमी फुकट प्रवासी."

आता आखर पेटणार, असं वाटून मी दवाखान्याच्या दारातून पुढे आले. सुभद्राबाईंनी एक तिकीट उपटलं, उलटसुलट पाहिलं, पुन्हा शेणात रोवलं आणि टोपली उचलून चालू लागल्या. त्या दिवसापासून तिकीट लावलेल्या पोला कुणीही हात लावला नाही. मला तर रोज सकाळी ते दृश्य बघून खुदकन हसू यायचं. मालेगावला जाणाऱ्या एसटीतले लोक खिडकीतून माना काढून पाहायचे, शेणावर तिकिटं कसली!

पावसाळ्यात कुरणात गवत आलं खरं, पण पिवळं, खुरटं. पोळा आठ दिवसांवर. आणि उकंडरावांनी तर सगळ्या गावाला आमंत्रण देऊन ठेवलेलं: यंदा मानाची बैलजोडी तोरणाखालून निघाली की पहिला घास कुरणात घेणार. ते धावत दवाखान्यात आले.

"डॉक्टरबाई, शेनाचं पानी करून देवाव काय वरून? आठ दिवसात हिरवं होईन."

"द्या!" मी म्हटलं. नुसतं म्हटलं नाही, पदर खोचून बादल्या मारायलाही गेले. चौदा ड्रम ताजा शेणकाला आम्ही त्या गवतावर शिंपडला. आणि काय सांगू! सहाव्या दिवशी गवत असं हिरवंकच्च झालं की रस्त्यावरून जाणारे मोटारसायकली थांबवून बघू लागले. आम्ही दोघं हवेत होतो.

पोळ्याच्या दिवशी आखर माणसांनी फुलून गेला. रंगवलेली शिंगं, झुली, ढोल. झडत्या, म्हणजे पोळ्याची चढाओढीची गाणी, म्हणून झाली. मानाची जोडी सरपंचांचीच होती. ती तोरणाखालून निघाली आणि वाजतगाजत कुरणात शिरली. उजव्या बैलाने मान खाली घातली. हुंगलं. फुर्र करून नाक उडवलं. दोन पावलं पुढे गेला, पुन्हा हुंगलं, पुन्हा फुर्र! डावा तर खाली वाकलाच नाही. मागची जनावरं आली, त्यांचंही तेच. सहा एकर हिरव्यागार गवतात गावची सगळी जनावरं नाकं वर करून उभी. आणि मग मानाच्या बैलाने शांतपणे वळून तोरणाची आंब्याची पानं खायला सुरुवात केली.

गर्दीतून कुणीतरी जागच्या जागी झडती रचली:

"कंडक्टरच्या गाडीले हिरवा हिरवा रंग,
बैल म्हने वास येते, उतरू द्या मंग!"

हशा असा उसळला की ढोल बंद पडले. मी मान खाली घातली. मी जनावरांची डॉक्टर! गाय-बैल आपल्या शेणाचा वास असलेल्या गवताला तोंड लावत नाहीत, हे मी कॉलेजात शिकले होते, त्यावर परीक्षेत मार्कही मिळवले होते. आणि बादल्या ओतताना ते एकदाही आठवलं नाही.

सुभद्राबाई पुढे आल्या. हसत नव्हत्या त्या. "पो आमी उचलतो," त्या म्हणाल्या. "पोच्या भवतीचं गवत सगळ्यात हिरवं राह्यते, अन् तेच उभं राह्यते. गाय तिथं तोंड लावत नाही. हे आखरावरच्या कोन्याबी बाईले ठावं हाये. आमाले इचारलं होतं काय? तिकिटं लावून शेन नेलं, अन् अक्कल आमच्याजवळच ठुली!"

सरपंचांनी तिथेच गोदामाची गोष्ट काढली. पुढच्या ग्रामसभेत ठराव घेऊन टाकू म्हणाले. उकंडरावांचा पंच त्या दिवशी पहिल्यांदाच खिशात गप्प होता. ते हात जोडून म्हणाले, "मले एक फेरी द्या. एकच. पुढच्या पोळ्याले जनावरानं तोंड नाही लावलं, तं गोदामाचा पहिला दगड मी सोता ठेवतो."

लोकांनी अर्धं हसत, अर्धं पोळ्याच्या दिवशी कुणाला नाही कसं म्हणायचं म्हणून, मान्य केलं.

संध्याकाळी ते दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसले. मी माफी मागायला तोंड उघडलं तर हातानेच थांबवलं. कुरणाकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, "बाई, मले उकंड्यावर टाकलं, तवा माही माय दहा पावलावर उभी होती. कोनी उचलते का नाही, पाहत. या जमिनीले तं टाकूनच देल्लं हाये. पन मांगं कोनीच उभं नाही."

माझे डोळे भरून आले. कुरणाबद्दल कुणी असं बोलेल, हे मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हा माणूस सुभद्राबाईंच्या ओट्यावर. डोक्यावरची टोपी काढून बसलेला.

"सुभद्राबाई, मी चुकलो. आता सांगा."

सुभद्राबाईंनी चहा होईपर्यंत ताटकळत ठेवलं आणि मग सांगितलं. शेण उकिरड्यात पूर्ण कुजू द्यायचं, कुजलं की वास मरतो. कुजलेलं खत मिरगाच्या आधी पसरायचं, पावसाळ्यात हात लावायचा नाही. "अन् मेंढरं बसवा. मेंढराच्या लेंडीले गाय नाक मुरडत नाही."

उकंडरावांनी तिकिटांचा गठ्ठा काढून त्यांच्यापुढे ठेवला. "आजपासून आखराचे कंडक्टर तुमी. मी डायवर." पंच मात्र नाही दिला. तो जीव की प्राण.

फाल्गुनात मेंढपाळ त्या भागात उतरतात. त्यांची मेंढरं रात्री आपल्या वावरात बसवायला शेतकऱ्यांची चढाओढ असते. धान्य देतात, जेवण देतात. आमच्याकडे द्यायला काय होतं? उकंडराव मला घेऊन मेडशीजवळ एका म्हाताऱ्या मेंढपाळाच्या तळावर गेले आणि अर्धा तास त्यांनी एक गोष्ट रंगवून सांगितली. फार वर्षांपूर्वी मालेगावच्या स्टँडवर हाच मेंढपाळ आजारी मेंढी खांद्यावर घेऊन उभा होता, ड्रायव्हर गाडीत घेईना, तेव्हा उकंडरावांनी दोन तिकिटं फाडली, एक माणसाचं, एक मेंढीचं, आणि ड्रायव्हरला म्हणाले, "आता पॅसेंजर हाये थे. घंटी झाली, चाल!" गोष्ट ऐकून माझ्या अंगावर शहारे आले.

म्हातारा सगळं ऐकून घेत तंबाखू मळत होता. "मले तं काही याद नाही बाप्पा," तो म्हणाला. "पानी हाये काय तुमच्या हिरीले?"

"हाये. हिरीत मोटार हाये, हौद हाये."

"मंग येतो."

परतीच्या वाटेवर उकंडराव एकदम हसत सुटले. "गोष्ट फोकट गेली, डॉक्टरबाई! पान्यावरच आला असता थो!"

तीनशे मेंढरं अकरा रात्री कुरणात बसली. दोऱ्यांची जाळीची कुंपणं, त्यांना वाघर म्हणतात, ती रोज पुढे सरकवायची. आदल्या दिवशीची जागा लेंड्यांनी काळी झालेली. उजाडताच उकंडराव पायाने ढेकळं बाजूला करत हिंडायचे, एखादा तुकडा रिकामा दिसला की मेंढपाळावर ओरडायचे, "एकबी सीट खाली नोको!" मग सुभद्राबाईंच्या देखरेखीखाली कुजलेलं शेणखत पसरलं गेलं. आखरावरच्या सगळ्या बाया टोपल्या घेऊन आल्या होत्या, आणि आता पाच-सहाचं गणित कुणी काढलं नाही.

मी माझ्या परीने भर घातली. स्टायलोचं बी आणलं. ही गवतात मिसळायची शेंगवर्गीय वैरण. तिच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र जमिनीत आणतात, म्हणजे युरियाचा खर्चच नको. बियांचं टरफल टणक, म्हणून पेरायच्या आधी गरम पाण्यात बुडवून काढायचं. उकंडरावांनी ते घरच्या चहाच्या पातेल्यात केलं. त्यानंतर त्या घरचा चहा मी तीन महिने टाळला. "हवेतून खत?" ते पुन्हा पुन्हा विचारायचे. "बिनतिकिटाचं? अन् चेकर पकडत नाही?" त्यांचा आनंद पोटात मावत नव्हता. पेरलेल्या दाण्यातून पहिली तीन पानं वर आली तेव्हा माझा दवाखाना अर्धा तास बंद होता, कारण त्यांनी मला हाताला धरून कुरणात नेलं आणि गुडघ्यांवर बसवून ती पानं दाखवली.

आणि मग पोळा.

सरपंचांनी मुद्दाम तीच जोडी पुढे काढली होती. लोकही मुद्दाम जास्त आले होते. अशा गमतीला गर्दी जमते. तोरणाखालून जोडी निघाली. कुरणात गवत गुडघ्याला टेकत होतं, पवना, मारवेल, मधे स्टायलोची पिवळी फुलं. ढोलवाल्यांनी हात आवरले. उजव्या बैलाने मान खाली घातली. हुंगलं.

आणि बैलाने जीभ बाहेर काढून, गवताला वेढा घालून, असा एक झटका दिला की ते तुटल्याचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. खर्र! पुन्हा खर्र! मग डावा. मग मागची जोडी. बघता बघता सगळी जनावरं माना खाली घालून खात होती, आणि झुली, रंगीत शिंगं, बाशिंगं गवतावर हलत होती. सुभद्राबाईंनी पदराने डोळे पुसले आणि दुसऱ्याच क्षणी कुणावर तरी ओरडल्या. गेल्या वर्षीच्याच त्या माणसाने पुन्हा आवाज दिला:

"कंडक्टरच्या गाडीत बैल चढले सारे,
मांगच्यानं म्हनलं, पुढं सरका ना रे!"

ढोल कडाडले. मी उकंडरावांना शोधत होते. ते गर्दीत नव्हते. आखराच्या कोपऱ्यात, जुन्या उकिरड्याच्या जागेवर, एकटेच उभे. दर जनावराने मान खाली घातली की पंच वाजवत होते, टिक. टिक. टिक. मी जवळ गेले तर बोट ओठांवर ठेवलं. शेवटची एक कालवड उरली होती. तिनेही तोंड लावलं. टिक.

"फुल्ल," ते म्हणाले. आणि मग त्या उकिरड्यावरच बसून लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले. मीही त्यांच्याजवळ बसले. साडी नवी होती, पण त्या वेळी कोण बघतंय!

गोदाम शेवटी शाळेमागच्या पडीक जागेत झालं. सरपंचांनी त्याच्या नारळाचा पहिला तुकडा उकंडरावांना दिला. त्या हिवाळ्यात, गवत फुलोऱ्यात असतानाच कापून, बायांनी पहिल्यांदा वाळलेल्या गवताच्या पेंड्या घरी नेल्या, आणि उन्हाळ्यात दोन घरी नव्या गाई आल्या.

माझ्या बदलीचा कागद पुढच्या वैशाखात आला. निरोपाला सगळं गाव आलं. सुभद्राबाईंनी ओटी भरली. आले नाहीत ते एक उकंडराव. मी तडकाफडकी रागावणारी बाई. एसटीत बसले ती मनातल्या मनात त्यांना बोल लावतच. एवढा माणूस, आणि शेवटच्या दिवशी तोंड दाखवू नये?

गाडी कुरणाजवळ आली आणि करकचून थांबली. तिथे थांबा नाही. रस्त्याच्या मधोमध उकंडराव हात आडवा करून उभे! मागे कुरणात वाघर लावलेलं दिसत होतं. यंदा मेंढपाळ आपणहून आला होता. ते दारातून चढले, दांड्यांना धरत, अगदी सवयीने, माझ्या सीटपाशी आले आणि माझ्या मांडीवर वाळलेल्या गवताची एक पेंडी ठेवली. चार ठिकाणी नीट बांधलेली.

"वास घ्या."

मी पेंडीत नाक खुपसलं.

"शेनाचा येते काय?"

"नाही."

"डॉक्टरी सांगा. लाडाचं नोको."

"नाही, उकंडराव," मी म्हटलं. "नुसता गवताचा येतोय."

त्यांनी खिशातून पंच काढला आणि माझ्यासमोर एकदा वाजवला. "पास," म्हणाले. मग मागे वळले, छताची दोरी स्वतःच दोनदा ओढली आणि उतरून गेले. मी मागच्या काचेतून पाहिलं. ते गाडीकडे बघतसुद्धा नव्हते. वाकून, हातांनी वाघर पुढे सरकवत होते.

कंडक्टर तरुण पोरगा होता. त्याने माझ्या मांडीवरच्या पेंडीकडे पाहिलं, हसला आणि म्हणाला, "म्याडम, हिचं अर्धं फाडू का?"

"पूर्ण फाडा," मी म्हटलं.